आकडा खरा, नाव फसवं : लिनक्सच्या देखरेखीच्या कमांडांची समीक्षा

आज आपण कमांड शिकणार नाही आहोत, वाचणार आहोत. 'अपटाइम', 'टॉप', 'फ्री', 'व्हीएमस्टॅट', 'आयओस्टॅट' ही नावं तुमच्यापैकी बहुतेकांच्या हाताखालची आहेत. सर्व्हर मंदावला की बोटं आपोआप तिकडे वळतात. पण पुस्तकाची समीक्षा होते, नाटकाची होते, इमारतीचीसुद्धा होते. आणि ज्या आकड्यांवर विसंबून आपण रात्री तीन वाजता डेटाबेस बंद करून पुन्हा चालू करतो, त्या आकड्यांची समीक्षा सहसा होत नाही. ती आज करायची आहे.

समीक्षा म्हटली की निकष आला. आमचा निकष साधा आहे. प्रत्येक अवजाराला दोन प्रश्न विचारायचे. एक, हे नक्की काय मोजतं? दोन, नाव वाचून माणसाला हे काय मोजतं असं वाटतं? या दोन उत्तरांत जितकं अंतर, तितकं ते अवजार घातक. आकडा चुकीचा असतो असं आमचं म्हणणं नाही. आकडा जवळजवळ नेहमी खरा असतो. फसवतं ते नाव.

आणि हा शब्दांचा कीस नाही बरं का. नाव फसवं असलं की निर्णय चुकतो. छोट्या रुग्णालयाचा, पतसंस्थेचा, कॉलेजचा एकच सर्व्हर असतो. तो हळू झाला की कुणीतरी येऊन सांगतं, लोड जास्त आहे, मोठं मशीन घ्या. पैसे जातात, मशीन येतं, आणि सर्व्हर तेवढाच हळू राहतो. किंवा रात्रपाळीच्या मुलाला सकाळी विचारलं जातं, लोड चाळीस झाला तेव्हा तू काय करत होतास? त्या बिचाऱ्याला त्याच आकड्याने चुकीच्या दिशेला पाठवलेलं असतं. म्हणून हा विषय.

सुरुवात लोड ॲव्हरेजपासून करू, कारण तो सगळ्यात जुना आणि सगळ्यात जास्त उद्धृत होणारा आकडा आहे. 'अपटाइम' लिहिलं की शेवटी तीन आकडे येतात : एका मिनिटाचा, पाच मिनिटांचा, पंधरा मिनिटांचा. ही कल्पना लिनक्सपेक्षा खूप जुनी. १९७३ साली टेनेक्स नावाच्या ऑपरेटिंग सिस्टिमवरच्या लोड ॲव्हरेजचे आलेख इंटरनेटच्या पूर्वजावर, म्हणजे अर्पानेटवर, प्रसिद्ध झालेले आहेत. तेव्हा अर्थ सरळ होता. प्रोसेसरवर किती कामं चालू आहेत आणि किती रांगेत आहेत, यांची सरासरी.

लिनक्समध्येही आधी तसंच होतं. १९९३च्या ऑक्टोबरमध्ये मॅथियास उर्लिक्स यांनी एक छोटा बदल सुचवला. त्यांचं म्हणणं असं की, वेगवान डिस्कच्या जागी हळू डिस्क स्वॅपसाठी लावली तर मशीन उघडउघड मंदावतं, पण लोडचा आकडा मात्र खाली येतो, कारण कामं डिस्कची वाट बघत झोपलेली असतात आणि झोपलेल्यांना कुणी मोजत नाही. हे विपरीतच की! म्हणून त्यांनी डिस्कची वाट बघणाऱ्या, मध्येच न उठवता येणाऱ्या प्रोसेसनाही मोजणीत घेतलं. 'पीएस'मध्ये अशा प्रोसेससमोर 'डी' हे अक्षर दिसतं. हा सगळा इतिहास ब्रेंडन ग्रेग यांनी २०१७ साली जुने मेल धुंडाळून बाहेर काढला, आणि तो वाचण्यासारखा आहे.

आता समीक्षा अशी की, बदल योग्य होता, नाव बदलायला हवं होतं. त्या दिवसापासून लिनक्सचा लोड हा प्रोसेसरचा लोड राहिला नाही. तो एकूण मागणीचा ढोबळ आकडा झाला. एसटी स्टँडवरची आरक्षणाची खिडकी डोळ्यासमोर आणा. रांगेत चाळीस माणसं आहेत. तुम्ही म्हणाल, खिडकी वाढवा. पण त्यातली अडतीस माणसं खिडकीसाठी उभीच नाहीत; ती पलीकडच्या झेरॉक्सवाल्याकडून कागद यायची वाट बघत इथे थांबली आहेत. खिडकीवरचा कारकून रिकामा बसलाय. खिडक्या चार केल्या तरी काय होणार? चार कारकून रिकामे बसतील.

हे काल्पनिक नाही. नेटवर्कवरून जोडलेलं स्टोरेज, म्हणजे एनएफएस, पलीकडून उत्तर देईनासं झालं की इकडच्या प्रोसेस एकामागून एक 'डी' अवस्थेत अडकतात. लोड शंभर, दोनशे होतो. आणि 'टॉप' उघडून बघावं तर प्रोसेसर पंच्याण्णव टक्के मोकळा. बघणारा गोंधळतो. गोंधळण्यासारखं काही नाही. दोन्ही आकडे खरे आहेत. फक्त एकाचं नाव 'लोड' आहे आणि आपण मनातल्या मनात त्याच्या आधी 'प्रोसेसरचा' हा शब्द जोडलेला आहे.

'एका मिनिटाची सरासरी' हेही नाव बघा. ती शाळेत शिकलो तशी सरासरी नाही. कर्नल साधारण दर पाच सेकंदांनी मोजणी करतो आणि जुन्या आकड्याचं वजन हळूहळू घटवत नवा आकडा त्यात मिसळतो. पूर्ण मोकळ्या मशीनवर एकच काम सतत चालू करा आणि बरोबर एक मिनिटानंतर बघा. साध्या सरासरीने तिथे १ यायला हवा. येतो साधारण ०.६३. त्याच क्षणी पाच मिनिटांचा आकडा ०.१८च्या आसपास आणि पंधरा मिनिटांचा ०.०६च्या आसपास असतो. म्हणजे 'एक मिनिट' ही मुदत नाही, विसरण्याचा वेग आहे. संकट संपल्यावरही आकडा काही मिनिटं वर राहतो, आणि आपण संपलेल्या संकटाशी लढत बसतो.

कर्नलमध्ये ज्या फाइलमध्ये हे गणित आहे, तिच्या माथ्यावरच लिहिणाऱ्यांनी एक टीप ठेवली आहे. हा आकडा खुळा आहे पण लोकांना तो महत्त्वाचा वाटतो, अशा अर्थाची. घडवणाऱ्यालाच माहीत आहे; वापरणाऱ्यापर्यंत ते पोचत नाही. आजच्या व्याख्यानाचं सूत्र हेच आहे म्हणा ना.

दुसरं अवजार, 'फ्री'. मेमरी किती मोकळी आहे ते सांगणारं. याने जितक्या लोकांना घाबरवलं तितकं क्वचितच कुणी घाबरवलं असेल. समजा सोळा जीबीची मेमरी आहे, आणि 'फ्री'च्या रकान्यात उरलेत तीनशे एमबी. नवखा माणूस हादरतो. पण लिनक्सचं धोरण असं आहे की रिकामी मेमरी म्हणजे वाया गेलेली मेमरी. डिस्कवरून एकदा वाचलेली पानं तो मेमरीत ठेवून देतो, पुन्हा लागली तर चटकन मिळावीत म्हणून. कुणाला जागा लागली की ती लगेच खाली करतो. यालाच कॅशे म्हणायचं. दिवाणखान्यात पाहुणे नसताना मुलांनी पसारा मांडलाय. पाहुणे आले की आवरता येतो. म्हणून घरात जागाच नाही असं कुणी म्हणत नाही.

इथे 'फ्री' या शब्दाचा अर्थ कर्नलच्या लेखी 'कुणीही न वापरलेली', आणि आपल्या लेखी 'मला मिळू शकेल अशी'. दोन अर्थांत जमीन-अस्मानाचं अंतर. अनेक वर्षं लोक त्यावर तोडगा म्हणून मोकळी अधिक कॅशे अशी बेरीज करत होते, आणि कमांडही ती बेरीज वेगळ्या ओळीत दाखवत होती. पण ती बेरीजही बरोबर नव्हती. कारण कॅशेमध्ये सगळंच आवरता येण्यासारखं नसतं. प्रोसेसनी आपसांत वाटून घेतलेली मेमरीही त्यातच मोजली जाते, आणि ती अशी सहज खाली करता येत नाही. डेटाबेस चालवणाऱ्यांना हे चांगलंच जाणवतं.

२०१४ साली, कर्नलच्या ३.१४ या आवृत्तीत, 'अव्हेलेबल' असा नवा आकडा आला. स्वॅपिंग न करता नव्या कामाला साधारण किती मेमरी मिळू शकेल, याचा कर्नलने स्वतः केलेला अंदाज. त्याच वर्षी 'फ्री' कमांडनेही जुनी बेरजेची ओळ काढून हा रकाना घेतला. आमच्या मते देखरेखीच्या अवजारांच्या इतिहासातली ही एक उत्तम दुरुस्ती आहे, कारण इथे पहिल्यांदा माणसाचा प्रश्न आधी ठरला आणि मग आकडा. तो अंदाजच आहे, पण योग्य प्रश्नाचा अंदाज हा चुकीच्या प्रश्नाच्या नेमक्या उत्तरापेक्षा कधीही बरा.

मात्र जुन्या भीतीचे अवशेष अजून शिल्लक आहेत. कॅशे रिकामा करायला लावणारी 'ड्रॉप कॅशेस' नावाची एक सोय कर्नलमध्ये आहे. ती चाचणीसाठी आहे आणि एरवी वापरू नका, कामगिरीला फटका बसू शकतो, असं कर्नलचे दस्तऐवज सांगतात. तरीही 'मेमरी मोकळी करण्यासाठी' दर तासाला ती चालवणाऱ्या क्रॉनच्या नोंदी सर्व्हरवर सापडतात. म्हणजे दर तासाला मशीनची सगळी आठवण पुसायची, आणि मग डिस्क का हळू चालते म्हणून विचार करत बसायचं. एका रकान्याच्या नावामुळे!

तिसरं, डिस्क. इथे दोन आकडे आहेत आणि दोन्ही फसवे. पहिला 'आयओवेट', 'टॉप'मध्ये 'डब्ल्यूए' म्हणून दिसतो. नाव वाचून वाटतं, प्रोसेसर इतका वेळ डिस्कची वाट बघत होता. पण प्रोसेसर कुणाची वाट बघत नाही. एक काम अडलं की तो दुसरं घेतो. 'आयओवेट' म्हणजे प्रोसेसर रिकामा होता आणि त्याच वेळी डिस्ककडे काहीतरी मागणी बाकी होती, असा वेळ. म्हणजे तो रिकामपणाचाच एक प्रकार आहे.

याचा परिणाम बघा. डिस्क मंद आहे, 'आयओवेट' चाळीस टक्के दिसतोय. आता त्याच मशीनवर निव्वळ गणित करणारा एखादा प्रोग्रॅम सोडून द्या. 'आयओवेट' कोसळेल, कदाचित शून्यावर येईल. डिस्क सुधारली का? मुळीच नाही. रिकामपण संपलं, म्हणून रिकामपणाला लावलेलं लेबलही गेलं. उलट दिशेनेही तसंच. प्रोसेसर वेगवान घेतला की काम लवकर संपतं, रिकामा वेळ वाढतो, आणि 'आयओवेट' वाढलेला दिसतो. नवं मशीन घेऊन डिस्क बिघडली, अशी तक्रार मग सुरू होते. हा आकडा विश्वासार्ह नाही असं कर्नलच्या दस्तऐवजातच लिहिलेलं आहे.

दुसरा आकडा 'आयओस्टॅट'मधला 'युटिल', टक्क्यांमध्ये. शंभर टक्के झाला की डिस्क भरली, आता दम नाही, असं आपण समजतो. हा आकडा फक्त इतकंच सांगतो की, किती टक्के वेळ डिस्ककडे किमान एक तरी मागणी चालू होती. एका वेळी एकच काम करणाऱ्या जुन्या फिरत्या डिस्कला हे ठीक लागू पडायचं. आजची एसएसडी एकाच वेळी अनेक मागण्या हाताळते. हॉटेलात एक टेबल दिवसभर भरलेलं आहे म्हणून 'हॉटेल शंभर टक्के फुल' असं लिहिण्यासारखं हे झालं. बाकीची एकोणीस टेबलं मोकळी आहेत हो! 'आयओस्टॅट'च्या मॅन पेजवर हे स्पष्ट लिहिलंय. त्याच कमांडमध्ये पूर्वी सेवेला लागणारा वेळ दाखवणारा एक रकाना होता. त्यावर विश्वास ठेवू नका असं त्याच पानावर अनेक वर्षं छापलेलं होतं, आणि पुढे तो रकानाच काढून टाकला. सेबास्टियन गोदार यांच्या या प्रामाणिकपणाचं आम्हाला कौतुक आहे. पण प्रश्न उरतो. सावधगिरीची सूचना मॅन पेजवर, आणि आकडा पडद्यावर. संकटात माणूस कुठे बघतो?

चौथं, खुद्द 'टॉप'. विल्यम लफेव्हर यांनी १९८४ साली मूळ 'टॉप' लिहिलं. लिनक्सवर आपण वापरतो तो वेगळा प्रोग्रॅम, पण घाट तोच. यात एखादी प्रोसेस चारशे टक्के प्रोसेसर खाताना दिसते. शंभरातले चारशे कसे? कारण इथे शंभर म्हणजे एक कोर. मोठं इंग्रजी 'आय' दाबलं की तोच आकडा सगळ्या कोअरमध्ये भागून दाखवतो, आणि या दोन पद्धतींची नावं काय, तर 'आयरिक्स मोड' आणि 'सोलारिस मोड'. दोन जुन्या ऑपरेटिंग सिस्टिमची नावं. ज्यांनी त्या कधी पाहिल्याच नाहीत, त्या पिढीने यातून काय समजून घ्यायचं?

शिवाय 'प्रोसेसर व्यस्त' याचाही अर्थ तपासावा लागतो. प्रोसेसर मेमरीतून माहिती यायची वाट बघत थबकला असेल, तरी तो वेळ 'व्यस्त' म्हणूनच मोजला जातो. नव्वद टक्के व्यस्त म्हणजे नव्वद टक्के काम झालं असं नव्हे. ते बघायचं तर 'पर्फ' घेऊन दर ठोक्याला किती सूचना पार पडल्या हे मोजावं लागतं.

कंटेनरच्या काळात तर आणखी गंमत झाली आहे. कंटेनरच्या आत बसून 'फ्री' किंवा 'टॉप' चालवलं, तर साधारणपणे आकडे दिसतात ते बाहेरच्या पूर्ण मशीनचे. कंटेनरला दोन जीबीची मर्यादा आहे आणि 'फ्री' आत चौसष्ट जीबी दाखवतं. प्रोग्रॅम निर्धास्त वाढतो आणि मर्यादेला धडकून मारला जातो. भाड्याच्या खोलीत राहून पूर्ण चाळीचा उतारा वाचण्यासारखं हे आहे. उतारा खरा, पण तुमच्या खोलीचा नाही.

आता दुसरी बाजूही मांडली पाहिजे, नाहीतर ही समीक्षा न होता निंदा होईल. या अवजारांचे तीन मोठे गुण आहेत. पहिला, ती जवळपास सगळीकडे असतात. आलेखांची चकचकीत यंत्रणा ज्या रात्री स्वतःच बंद पडलेली असते, त्या रात्री काळ्या पडद्यावर 'व्हीएमस्टॅट' चालतं. दुसरा, ती झाकपाक करत नाहीत. बहुतेक कमांड 'प्रॉक' या आभासी फोल्डरमधल्या साध्या मजकुराच्या फाइली वाचून रकान्यात मांडतात. तुम्ही स्वतः ती फाइल उघडून ताडून बघू शकता. तिसरा, त्यांची मॅन पेजेस आपले दोष स्वतः सांगतात. 'व्हीएमस्टॅट'ची पहिली ओळ ही आत्ताची नसून मशीन सुरू झाल्यापासूनची सरासरी असते, हे तिथे लिहिलेलं आहे. न वाचता पहिल्याच ओळीवरून निदान करणारा दोषी, की पहिली ओळ तशी छापणारा? आमच्या मते दोघंही, पण छापणारा थोडा जास्त.

आणखी एक प्रथा तपासू. २०१५ साली नेटफ्लिक्सच्या तांत्रिक लेखांत पहिल्या साठ सेकंदांत चालवायच्या दहा कमांडांची यादी प्रसिद्ध झाली. उत्तम यादी आहे. त्या लेखात प्रत्येक कमांडखाली आकडा कसा वाचायचा तेही आहे. पण यादी नकलत नकलत पुढे जाते तेव्हा अनेकदा फक्त दहा नावं उरतात. औषधांची नावं पाठ, मात्रा विसरली. ग्रेग यांनीच मांडलेली पद्धत त्याहून मोलाची आहे : प्रत्येक साधनाबद्दल तीन गोष्टी विचारा. किती वापर, किती तुंबलंय, आणि किती चुका. यातला मधला प्रश्न, तुंबण्याचा, हा वापरणाऱ्याच्या सगळ्यात जवळचा. मशीन किती राबतंय याच्याशी त्याला कर्तव्य नाही. आपण किती थांबलो एवढंच त्याला कळतं.

आणि इथेच आम्हाला आजच्या काळातलं सगळ्यात चांगलं अवजार सापडतं. डिसेंबर २०१८मध्ये आलेल्या कर्नल ४.२०मध्ये 'प्रेशर स्टॉल इन्फर्मेशन', थोडक्यात 'पीएसआय', दाखल झालं. योहानेस वायनर यांनी फेसबुकमध्ये असताना ते घडवलं. 'प्रॉक'मधल्या 'प्रेशर' या फोल्डरमध्ये प्रोसेसर, मेमरी आणि आयओ अशा तीन फाइली मिळतात. आत 'सम' आणि 'फुल' अशा ओळी. 'सम' म्हणजे किती टक्के वेळ निदान एक तरी काम त्या साधनावाचून अडून राहिलं. 'फुल' म्हणजे किती टक्के वेळ, ज्यांना काम करायचं होतं ती सगळीच एकदम अडून राहिली. दहा, साठ आणि तीनशे सेकंदांच्या सरासऱ्या, आणि एकूण अडलेला वेळ मायक्रोसेकंदांत.

आमच्या निकषावर हे घासून बघा. नाव सांगतं 'दाब'. मोजतं काय, तर वाया गेलेला वेळ. अंतर फार नाही. मेमरीच्या फाइलमध्ये 'सम' बारा टक्के दिसला, तर नवख्यालाही समजावता येतं : साठ सेकंदांतले सात-एक सेकंद कुणी ना कुणी मेमरीपायी थांबलेलं होतं. लोड चाळीस म्हणजे काय, हे असं एका वाक्यात सांगता येत नाही. शिवाय लोडने जी तीन दुखणी एका आकड्यात कालवली होती, ती इथे तीन फाइलींत वेगळी झाली. आणि कंट्रोल ग्रुपची नवी रचना असेल, तर प्रत्येक कंटेनरचा दाब वेगळा दिसतो. चाळीचा नाही, खोलीचा उतारा.

पण इथेही डोळे मिटून माळ घालायची नाही. काही वितरणांमध्ये हे मूळचं बंद असतं, मशीन सुरू होताना चालू करायला सांगावं लागतं. दाब कुणामुळे आला हे ते सांगत नाही. तुमचा प्रोग्रॅम दुसऱ्या सर्व्हरच्या उत्तराची वाट बघत असेल, किंवा डेटाबेसच्या कुलुपापाशी थांबला असेल, तर इथे काहीच दिसत नाही, कारण कर्नलच्या लेखी ते साधनाचं अडणं नव्हे. आणि रात्रभर हिशेब करणाऱ्या मशीनवर प्रोसेसरचा दाब जास्त असणं हे दुखणं नाही, पैसा वसूल होण्याची खूण आहे.

आणि सरासरीचा दोष याला तरी कुठे चुकलाय? शंभर मागण्यांपैकी नव्याण्णव एका मिलिसेकंदात झाल्या आणि एकीला पूर्ण सेकंद लागला, तर सरासरी येते अकरा मिलिसेकंद. अकरा मिलिसेकंद प्रत्यक्षात कुणालाच लागले नाहीत. नव्याण्णव जणांना हा आकडा अन्याय करतो आणि शंभराव्याला तो गायबच करतो. म्हणून ईबीपीएफवर आधारलेली 'बायोलेटन्सी'सारखी अवजारं आम्हाला महत्त्वाची वाटतात. ती एक आकडा न देता वाटणी दाखवतात : इतक्या मागण्या या पट्टीत, इतक्या त्या पट्टीत. शंभरावा माणूस तिथे शेवटच्या ओळीत एकटा उभा दिसतो. आणि तक्रार करायला फोन त्याचाच येतो.

तर मग काय करायचं? जुन्या कमांड टाकून द्यायच्या का? नाही. क्रम बदलायचा. आधी विचारायचं, कोण थांबलंय आणि कशापायी? त्यासाठी दाबाच्या तीन फाइली. मग, तिथे नेमकं कोण? त्यासाठी 'पिडस्टॅट', आणि 'पीएस'मध्ये 'डी' अवस्थेतल्या प्रोसेस. मग लोड, मोकळी मेमरी, 'युटिल' हे आकडे साक्षीदार म्हणून बोलवायचे, न्यायाधीश म्हणून नाही. लोड जास्त दिसला की पहिला प्रश्न, यात धावणारे किती आणि अडलेले किती? 'व्हीएमस्टॅट'चे पहिले दोन रकाने, 'आर' आणि 'बी', हेच सांगतात. आणि फोन वाजवणाऱ्या सूचना लोडवर लावू नका. वापरणाऱ्याला लागणाऱ्या वेळेवर लावा.

व्याख्यानानंतर एक प्रश्न आला होता, तो इथे नोंदवतो. विचारणाऱ्यांचं म्हणणं, "सर, ग्राहक लोडचाच आकडा मागतो, करारात तसंच लिहिलंय. मग?" आमचं उत्तर असं : आकडा द्या, पण शेजारी एक ओळ लिहा की यात डिस्कची वाट बघणारी कामंही मोजलेली आहेत, आणि प्रोसेसर त्या वेळी इतका मोकळा होता. एक ओळ. तीन महिन्यांनी ग्राहकच विचारील की मग हा आकडा आपण कशाला मागतोय?

दुसरा प्रश्न एका विद्यार्थिनीचा होता. "हे सगळं मॅन पेजमध्येच आहे तर मग नवीन काय सांगितलंत?" प्रश्न रास्त आहे. नवीन काहीच नाही. पण लिहिलेलं आणि वाचलेलं यांच्यात जे अंतर पडतं, ते कमी करणं हेच समीक्षेचं काम. तेव्हा आज घरी गेल्यावर एकच करा. रोज वापरता त्यातली एक कमांड निवडा, तिच्या एका रकान्याचा अर्थ स्वतःच्या शब्दांत मराठीत एका वाक्यात लिहा, आणि मग मॅन पेजशी ताडून बघा. दोन्ही जुळले तर तो आकडा तुमचा झाला. नाही जुळले, तर आजवर त्या आकड्यावरून जे जे निर्णय झाले, त्यांतला एखादा तरी पुन्हा काढून बघावा लागेल.